म्हैस उडाली, भुर्र!

आमच्या आणि वहिनींच्या घरांमध्ये मेंदीचं कुंपण आहे. नावालाच कुंपण. पावसाळ्यात ते नाकापर्यंत वाढतं, मग आम्ही दोघी टाचा उंचावून बोलतो; माळी येऊन गेला की कमरेइतकं होतं, मग ओणवून बोलतो. बोलणं काही थांबत नाही.

परवा सकाळी मी जास्वंदीची फुलं काढत होते. कुंपणावरून आधी जळक्या दुधाचा वास आला, मग एक पातेलं आलं, आणि पातेल्यामागून वहिनी.

"बघा हो ताई. दीड लिटर. म्हशीचं."

मी आत डोकावले. तळाला बोटभर काळा थर, कडांना तपकिरी सायीच्या चिंध्या, आणि मध्ये जे काही उरलं होतं त्याला दूध म्हणणं म्हशीवर अन्याय झाला असता.

"नाना का?"

"दुसरं कोण? म्हटलं, आंघोळ करून येते, दुधाकडे बघा. बघत होते की! दुधाकडे तोंड करूनच बसले होते. फक्त हातात मोबाइल होता. गॅस बारीक, त्यामुळे उतू गेलं नाही, आटत आटत खाली लागलं. घरभर धूर झाला तेव्हा यांनी मान वर केली. आणि म्हणतात काय, तर पुरुषाचा मेंदू एका वेळी एकच काम करतो, हे शास्त्रानं सिद्ध झालंय! माझी चूक नाही, मेंदूची रचनाच तशी. आणि वर तो फोटो दाखवला मला."

फोटो त्यांनी मलाही दाखवला. नानांच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर आलेला. दोन मेंदू. एकात निळ्या रेघा, पुढून मागे धावणाऱ्या. दुसऱ्यात नारिंगी रेघा, या कानाकडून त्या कानाकडे. खाली मजकूर: पुरुष एकाग्र, स्त्री एका वेळी दहा कामं करणारी, शास्त्रज्ञांनी अखेर उलगडलं रहस्य वगैरे. शेवटी हात जोडल्याचं चित्र आणि 'पटलं तर पुढे पाठवा'.

मला ते चित्र बघताक्षणी ओळखू आलं. बत्तीस वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवल्यावर काही चित्रं नातेवाइकांसारखी ओळखू येतात, आणि काही नातेवाइकांसारखीच नको तिथे भेटतात.

"वहिनी, हे आपल्याच माणसाचं काम आहे."

"म्हणजे?"

"मधुरा इंगळहळीकर. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात होत्या तेव्हाचं. पुढे पुण्याच्या सिंबायोसिसमध्ये आल्या. त्यांचं नाव निबंधावर पहिलं, ज्येष्ठ संशोधक रागिणी वर्मा. 2013 च्या डिसेंबरात आलं ते, आणि जगभरच्या पेपरांनी डोक्यावर घेतलं."

"मग खरं आहे?" वहिनींचा चेहरा पडला. पातेलं घासायचं ते घासायचंच, वर शास्त्रही नानांच्या बाजूला.

"चित्र खरं आहे. मजकूर नानांच्या ग्रुपचा आहे."

मग मी सांगितलं ते असं. आठ ते बावीस वर्षांच्या 949 मुलामुलींच्या मेंदूतल्या तारांची जोडणी त्यांनी मोजली. मेंदूतलं पाणी कुठल्या दिशेनं सरकतं यावरून तारा कुठून कुठे जातात त्याचा अंदाज बांधायची रीत आहे, तिनं. सरासरी काढल्यावर मुलांमध्ये एकाच अर्ध्या भागातली, पुढून मागची जोडणी जास्त दिसली. मुलींमध्ये दोन अर्ध्या भागांमधली. निळं आणि नारिंगी. आता यात दूध कुठे आलं? एका वेळी दोन कामं हा प्रकार त्या निबंधात कोणी मोजलेलाच नव्हता. त्याच पोरांच्या मोठ्या गटावर वेगळ्या चाचण्या झाल्या होत्या. त्यात लक्ष देणं आणि शब्द नि चेहरे लक्षात ठेवणं यांत मुली थोड्या पुढे होत्या, आणि जागा-दिशेचा अंदाज नि हाताचा वेग यांत मुलगे थोडे पुढे. थोडे. पण पेपरात येईपर्यंत थोड्याचं सगळं झालं. शिवाय पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी हेही दाखवलं, की यातला बराचसा फरक बाई-पुरुषाचा नसून लहान-मोठ्या डोक्याचा आहे. डोकं मोठं की पलीकडच्या भागाशी तार ओढणं महाग पडतं, म्हणून घरातल्या घरात जोडणी जास्त. मोठ्या डोक्याच्या बाईतही तेच, लहान डोक्याच्या पुरुषातही तेच.

"म्हणजे वाड्यात राहणारी माणसं शेजारी कमी जातात, तसं," वहिनी म्हणाल्या. मी इतकी वर्षं शिकवलं, मला ही उपमा सुचली नव्हती.

एवढ्यात नाना बाहेर आले. हातात वर्तमानपत्र, चेहऱ्यावर अजिबात अपराध नाही. वहिनींच्या हातातल्या पातेल्याला वळसा घालून ते कुंपणाशी आले. "काय ताई, आमच्याविरुद्ध साक्ष चाललीय वाटतं?"

"साक्ष नाही, उलटतपासणी," मी म्हटलं.

"बरं, ते तारांचं राहू द्या. लक्ष देताना बाईचा मेंदू वेगळा पेटतो, पुरुषाचा वेगळा, एवढं तरी मशीनमध्ये दिसतं ना? आणि स्वतःला आवरताना? ते तर आमचे डॉक्टर साठेसुद्धा म्हणतात." डॉक्टर साठे दातांचे आहेत. पण ते असो.

नानांचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. लक्ष आणि आवर, या दोन गोष्टींवर मानसशास्त्रानं दीडशे वर्षं घालवलीत. आणि त्या कशा मोजतात हे दाखवायला आमच्या कुंपणाशी आयतीच प्रयोगशाळा उभी होती. वहिनींची नातवंडं, ओम आणि सई, सुट्टीला आलेली. एक सात वर्षांचा, एक नऊची.

"चला रे, बोटं ठेवा पायरीवर. नाना, तुम्हीपण. वहिनी, पातेलं खाली ठेवा."

खेळ तुम्हाला माहीत आहे. चिमणी उडाली, भुर्र. सगळ्यांची बोटं वर. कावळा उडाला, भुर्र. पोपट उडाला, भुर्र. बोटाला सवय लागते, वर-खाली, वर-खाली, आणि मग त्याच चालीवर मध्येच: म्हैस उडाली! ज्याचं बोट उठलं तो बाद. सगळी गंमत त्या एका क्षणाची. बोट निघालेलं असतं आणि त्याला डोक्यातून निरोप जातो, अरे थांब.

अगदी हाच खेळ 1868 मध्ये हॉलंडमधल्या युट्रेख्टच्या डॉन्डर्स नावाच्या डॉक्टरांनी प्रयोग म्हणून मांडला. त्यांनी अक्षरं ऐकवली. एकाच ठरावीक अक्षराला उत्तर द्यायचं, बाकीच्यांना गप्प बसायचं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत पडद्यावर एक खूण आली की बटण दाबा, दुसरी आली की दाबू नका, असं चालतं. दाबायच्या खुणा भरपूर, न दाबायच्या थोड्या. म्हणजे चिमण्या खूप, म्हशी कमी. म्हशी वाढवल्या की खेळ सोपा होतो, कारण बोटाला उडायची सवयच लागत नाही. आपल्या आज्यांना हे प्रमाण न शिकवता माहीत होतं.

दुसरा प्रकार याहून वाईट. चिमणी म्हणून झालेलं आहे, बोट निघालेलंही आहे, आणि मग घंटा वाजते: रद्द! आता परत घ्या. स्कूटरचा कान पिळलाय आणि कुत्रं आडवं आलं, तसं. 1984 मध्ये लोगन आणि कोवन या दोघांनी याचं गणित बसवलं. डोक्यात दोन घोडे सुटतात, एक 'कर'चा, एक 'थांब'चा. जो आधी पोचेल त्याचं चालतं. गंमत अशी की न घडलेल्या कृतीचा वेळ मोजता येत नाही, पण या गणितानं 'थांब'च्या घोड्याचा वेग काढता येतो. धडधाकट तरुण माणसाला थांबायला साधारण सेकंदाचा पाव भाग लागतो, बऱ्याचदा त्याहूनही थोडा कमी. उजव्या कपाळाच्या खालच्या बाजूचा मेंदूचा तुकडा या कामात पुढे असतो, आणि खोल आत मसुरीएवढा एक गठ्ठा आहे, तो प्रत्यक्ष ब्रेक दाबतो.

"आणि बायकांचा घोडा पुढे की पुरुषांचा?" नाना मुद्द्यावर आले.

इथे मी त्यांना येल विद्यापीठाचा 2006 चा अभ्यास सांगितला. तो मला फार आवडतो, कारण त्यातून दोन्ही पक्षांना काहीच मिळत नाही. वीस पुरुष, वीस बायका. सगळ्यांना यंत्रात झोपवलं आणि थांबायचा खेळ दिला. थांबण्याच्या वेगात फरक? नाही. दोघेही सारखेच. मेंदूच्या चित्रात फरक? आहे. थांबताना पुरुषांच्या मेंदूतले बरेच भाग जास्त उजळले.

"बघा!" नाना म्हणाले. "जास्त उजळले."

"बघा!" वहिनी म्हणाल्या. "जास्त ताकद लागली."

दोघांनी एकाच चित्राकडे बोट दाखवलं होतं. आणि खरं सांगते, शिकलेली माणसंही हेच करतात. पुरुषाचा भाग जास्त उजळला तर लिहितात, अधिक सक्षम. बाईचा जास्त उजळला तर लिहितात, अधिक कष्ट पडले. बाईचा कमी उजळला तर काय, क्षमता कमी. पुरुषाचा कमी उजळला तर, बघा किती काटकसरीनं काम केलं! कुठूनही मोजा, बेरीज ठरलेली. मी असे निबंध वाचताना पेन्सिलीनं बाई आणि पुरुष हे शब्द अदलाबदल करून बघते. वाक्य तेवढंच शहाणं वाटलं, तर ते पुरावा नाही, मत आहे.

त्या यंत्रात काय दिसतं तेही जरा सांगायला हवं. विचार दिसत नाही. दिसतो तो रक्तातला प्राणवायू. मेंदूचा एखादा तुकडा कामाला लागला की तिकडे ताजं रक्त धावतं, ते चार-सहा सेकंदांनी शिगेला पोचतं, आणि ताज्या-शिळ्या रक्ताचा चुंबकीय गुण वेगळा असल्यानं ते टिपता येतं. ओगावा नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं 1990 मध्ये ही युक्ती दाखवली. लाल-पिवळे रंग संगणक नंतर भरतो. म्हणजे आपण बघतो ते मेंदूचं वीजबिल. आता वहिनींचं बिल अकराशे आलं आणि माझं सातशे, एवढ्यावरून कुणाची पोळी मऊ झाली ते सांगता येईल का? त्यांची शेगडी जुनी असेल, माझ्याकडे पोळ्यांना बाई असेल. बिल वेगळं, पोळी तीच, असं असू शकतं. येलच्या अभ्यासात नेमकं तेच झालं. दोन वाटांनी माणसं एकाच ठिकाणी पोचली असतील. मला तर वाटतं, हीच त्यातली खरी मजेची गोष्ट आहे, की निसर्गाकडे एकच काम करायच्या एकाहून जास्त रीती असाव्यात. पण ती ग्रुपवर पाठवण्यासारखी नाही ना. तिला हात जोडल्याचं चित्र लावता येत नाही.

मी हे सगळं मोठ्या तोऱ्यात सांगते खरी, पण माझाही एक जळका तळ आहे. 1995 मध्ये 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला होता. एकोणीस पुरुष, एकोणीस बायका, शब्दांचं यमक जुळतं का ते सांगायचं. पुरुषांचा डावा मेंदू उजळला, बऱ्याच बायकांचे दोन्ही. मी ते वाचलं, भारावले, आणि वर्गात फळ्यावर दोन मेंदू काढून रंगीत खडूनं रंगवले. किती वर्षं? दहा तरी. मुली वहीत उतरवून घ्यायच्या, परीक्षेत लिहायच्या, मी गुण द्यायचे. 2004 मध्ये अशा सगळ्या अभ्यासांची मोट बांधून बघितली तर तो फरक टिकलाच नाही. मला ते कळलं त्याच्याही बऱ्याच नंतर. ज्या मुलींना मी गुण दिले त्या आता आया झाल्या असतील, आणि कुणी सांगावं, नानांच्या ग्रुपवर तो मजकूर त्यांच्यातल्याच एखादीनं लिहिला असेल.

"पण ताई," वहिनी म्हणाल्या, "एवढी मोठी यंत्रं, एवढे शिकलेले लोक, चुकतात कसे?"

वहिनींचं माहेर मालवण. म्हणून त्यांना माशाची गोष्ट सांगितली. अमेरिकेत क्रेग बेनेट आणि त्यांच्या सोबत्यांनी एक अख्खा सामन मासा त्या यंत्रात ठेवला. मेलेला. त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि नियमाप्रमाणे विचारलं, या फोटोतल्या माणसाला काय वाटत असेल? मग आकडेमोड केली. तर माशाच्या मेंदूत एक लाल ठिपका उजळलेला!

"मेलेल्या?"

"मेलेल्या."

"आमच्याकडे बांगडा तव्यावर पडला तरी त्याला काही वाटत नाही."

वाटलं नव्हतंच. मेंदूचे त्या यंत्रात हजारो बारीक चौकोन पडतात, प्रत्येकाची वेगळी परीक्षा होते. हजार माणसांना दहा-दहा वेळा नाणं उडवायला सांगा, एखाद्याला दहाही वेळा छापा पडायची शक्यता चांगलीच असते. त्याला सिद्धपुरुष म्हणून हार घालायचा नसतो. इतक्या परीक्षा घेतल्या की निकालाची चाळणी बारीक करावी लागते. ती केल्यावर माशाचा ठिपका नाहीसा झाला. 2009 मध्ये त्यांनी हे जाहीर केलं आणि 2012 मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं. आता विचार करा, वीस पुरुष नि वीस बायका, हजारो चौकोन, आणि शोधायला बसलाय फरक. कुठेतरी एक मासा सापडणारच. आणि सापडला नाही तर? तो निबंध कोण छापणार? 'बायका-पुरुषांत फरक नाही' या मथळ्याला ना संपादक हसत ना शेजारीण. म्हणून फरकाचे निबंध कपाटात भरतात आणि सारखेपणाचे खणात राहतात.

नाना ऐकत होते. वर्तमानपत्राची घडी त्यांनी काखेत मारली होती, म्हणजे लक्ष होतं. "म्हणजे फरक नाहीच म्हणायचं?"

असंही नाही. मला या दुसऱ्या टोकाच्या लोकांचाही कंटाळा येतो. पुरुषाचा मेंदू सरासरीनं दहा-अकरा टक्के मोठा असतो, तो असतोच. एकोणिसाव्या शतकात म्युनिकच्या बिशॉफनं या वजनावरून बायकांनी शिकू नये असं ठासून सांगितलं होतं. तो गेल्यावर त्याच्या स्वतःच्या मेंदूचं वजन केलं, तर पुरुषांच्या सरासरीहून शंभर ग्रॅमनं कमी भरलं. वजनाच्या वादाचा तिथेच निकाल लागायला हरकत नव्हती. पण छोटे छोटे फरक खरे असतात. लहान मुलांत स्वतःला आवरण्यात मुली पुढे असतात, हे अनेक अभ्यास एकत्र करूनही टिकलंय. ओमला आणि सईला बघूनही टिकतं. आता यातलं मेंदूतून किती आलं आणि 'मुलीच्या जातीनं असं उड्या मारत चालू नये' यातून किती, हे सोडवून दाखवेल तो खरा. सईला दोन वर्षांची असल्यापासून गुडघे मिटून बसायला शिकवलंय. ओमला कोणी शिकवलं नाही. सात वर्षांची सवय मेंदूतही उमटतेच. ती दुसरीकडे कुठे राहायला जाणार? मग यंत्रात जे दिसतं त्याला जन्मजात म्हणायचं की आजीनं घोटून घेतलेलं?

तेल अवीवच्या दाफ्ना जोएल यांनी 2015 मध्ये चौदाशेहून जास्त मेंदू तपासले. जे जे भाग बायका-पुरुषांत सरासरीनं वेगळे आढळतात तेवढेच घेतले आणि विचारलं, असा एक तरी मेंदू दाखवा ज्यात सगळे भाग एकाच बाजूचे आहेत. फार थोडे निघाले. बहुतेक मेंदू म्हणजे मोझॅक. हाच शब्द वापरला त्यांनी. नानांच्या ओट्यावर जुन्या मोझॅकच्या फरश्या आहेत, मी त्यांना तिथेच बोट दाखवलं. ठिपका काळा, ठिपका पांढरा, ठिपका विटकरी. सगळ्या फरशांची सरासरी काढली तर डावीकडची खोली जरा काळपट निघेल, उजवीकडची जरा पांढरट. पण एक फरशी उचलून ती कुठल्या खोलीतली ते सांगून दाखवा.

एव्हाना पायरीवर खेळ रंगला होता. ओम तिसऱ्याच म्हशीला बाद झाला. वहिनी बेडकाला. सई आणि नाना उरले. सई ओठ दाबून बोटाकडे टक लावून होती, नाना डोळे मिटून फक्त कानांनी खेळत होते. दोघांच्या रीती वेगळ्या. मी मुद्दाम चाल वाढवली: चिमणी, कावळा, घार, बगळा, बदक, कोंबडी! सईचं बोट उठलं. मग कोंबडी उडते की नाही यावर दहा मिनिटं कडाक्याचं भांडण झालं. थोडी उडते. निकाल राखून ठेवला.

मग मी आतून माझे जुने पत्ते आणले. कॉलेजातले प्रात्यक्षिकाचे, रबरबँड लावलेले. हिरव्या शाईत 'लाल' लिहिलंय, निळ्या शाईत 'पिवळा'. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. अमेरिकेत नॅशव्हिलला जॉन रिडली स्ट्रूप यांनी 1935 मध्ये हे बेतलं. नुसते शंभर रंगीत चौकोन सांगायला त्यांच्या विद्यार्थ्यांना सरासरी 63 सेकंद लागले. शब्दांनी घोटाळा केल्यावर 110. वाचायची सवय इतकी पक्की की तिला आवरायला जवळजवळ पावणेदोनपट वेळ. नानांनी पत्ते घेतले. हिरवा... नाही... लाल... निळा हो निळा. कपाळावर घाम. वहिनींनी घेतले. त्याच तऱ्हा. घड्याळात दोघांत चार सेकंदांचा फरक, त्यातला एक सेकंद नानांच्या खोकल्याचा.

आणि हे काही आमच्या कुंपणापुरतं नाही. 1991 मध्ये कॉलिन मॅक्लाउड यांनी स्ट्रूपनंतरच्या अर्ध्या शतकाचे शेकडो अभ्यास चाळले. निष्कर्षात एक ओळ आहे, की या घोटाळ्यात स्त्री-पुरुष फरक कुठल्याच वयात दिसत नाही. एका वेळी दोन कामांचंही तसंच. जर्मनीत आखनला 2019 मध्ये 48 बायका आणि 48 पुरुषांना बसवलं, एकाच वेळी दोन कामं दिली, मग आलटून पालटून दोन कामं दिली. वेग घटला, चुका वाढल्या. दोन्ही बाजूंच्या सारख्याच. दोन कामं एकदम कोणालाच धड जमत नाहीत. बायका ती करतात, कारण गॅसवर दूध आहे, दारात कचऱ्याची गाडी आहे आणि बाकी कोणी उठत नाही.

वहिनींनी यावर टाळी दिली. कुंपणावरून. मेंदीची दोन पानं हातात आली.

पण मला या सगळ्यात खरोखर टोचतं ते वेगळंच आहे. लक्ष न टिकणं आणि आवर न घालता येणं, ही जोडी प्रमाणाबाहेर गेली की तिला एडीएचडी म्हणतात. निदान झालेल्या मुलांत मुलगे मुलींच्या साधारण दुप्पट असतात. काही अंशी ते मुलग्यांत जास्त असेलही. पण मुलगा बाकावर उभा राहतो, डस्टर फेकतो, शिक्षक पालकांना बोलावतात. मुलगी खिडकीबाहेर बघते. माझ्या वर्गात एक होती. शेवटून दुसरा बाक, खिडकीकडचा. कधी कुणाला त्रास नाही, उत्तर अर्ध्यात सोडायची, वही तीन विषयांना एकच. प्रगतीपुस्तकावर आम्ही लिहायचो, 'शांत व समंजस. अभ्यासात लक्ष द्यावे.' तीन वर्षं सगळ्यांनी मिळून हेच लिहिलं. लक्ष द्यावे म्हणे! मी मानसशास्त्राची. मला कळायला हवं होतं. पण मी तेव्हा फळ्यावर मेंदू रंगवत होते, एक बाईचा, एक पुरुषाचा, आणि 'मुली लक्ष देतात' हे इतकं गृहीत धरलं होतं की समोर बसलेली दिसली नाही.

हे मी कुंपणाशी बोलले तेव्हा वहिनी काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी नुसतं सईकडे बघितलं. सई कोंबडीबद्दल अजून वाद घालत होती, त्यामुळे काळजीचं कारण दिसलं नाही.

नानांनी मोबाइल काढला. मला वाटलं, ग्रुपवर खुलासा टाकतायत. तर माशाची गोष्ट टाकली. 'मेलेल्या माशालाही भावना असतात, अमेरिकेत सिद्ध,' खाली हात जोडल्याचं चित्र. मी ओरडेपर्यंत तीन अंगठे आले होते.

पातेल्याचं म्हणाल तर ते वहिनींच्या मोरीत राख भरून उपडं ठेवलंय. आज तिसरा दिवस. 'ज्यानं जाळलं तो घासेल,' असं वहिनींनी सांगून टाकलंय. नाना रोज सकाळी दूधवाल्याकडून पिशवी घेतात, पातेलं ओलांडतात आणि दुसरं पातेलं काढतात.